सीटखालची रेघ

आदल्या संध्याकाळी सातोएने पाना लावून सायकलची सीट सैल केली, दांडी वर ओढली, आणि ती बोटभर वर येते न येते तोच लोखंडावर कोरलेली आडवी रेघ बाहेर डोकावली. या रेघेच्या वर सीट घेऊ नये. घेतली तर दांडी आत पुरेशी राहत नाही, आणि एखाद्या खड्ड्यात सीट माणसासकट निखळते. सायकल देताना दुकानदाराने हे बजावून सांगितलं होतं. पण तेव्हा तिच्या लेकीचे, कोतोहाचे, पाय धड जमिनीलाही टेकत नव्हते आणि रेघ कुठेतरी खोल, आडाच्या तळाशी असल्यासारखी होती. सातोए तेव्हा नुसती हसली होती.

दर भेटीनंतर ती दांडीवर रंगीत चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावायची. निळा, पिवळा, पुन्हा निळा. इतरांच्या घरी मुलांची उंची खांबावर खुणा करून ठेवतात. सातोएच्या घरात खांब होता, पण त्याला पाठ लावून उभं राहायला मूल नव्हतं. तिचं मूल सायकलवर वाढत होतं.

कोतोहा बाबांकडे राहायची, मोठ्या शहरात, बाबा आणि आजीजवळ. तिथल्या कायद्यात घटस्फोट झाला की मूल एकाच्याच नावावर लागतं, दोघांच्या नावांना कागदावर जागा नसते. सातोए त्या वेळी आजारी होती. ताप नाही, खोकला नाही, आडवं पडून भिंतीकडे बघत राहायचं असला तो आजार. इस्पितळातून ती परत आली तोवर मुलीची शाळा, दप्तर टांगायचा खिळा, झोपायची कूस, सगळं तिकडे बसून गेलं होतं. "मूल रुळलंय तिथून त्याला उपटू नये," असं न्यायालयातल्या मध्यस्थ बाईंनी अगदी हलक्या आवाजात सांगितलं. त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. सातोएच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार आला, आणि त्याला चिकटून एक अट. पुढच्या भेटीचं मुलीला आईने विचारायचं नाही. बाबा विचारतील, आणि मुलीला वाटलं तर ती येईल. आईने तोंडावर विचारलं की लेकराला नाही म्हणता येत नाही, म्हणून. हेही बरोबरच होतं. सगळंच बरोबर होतं. कुणाच्या नावाने बोटं मोडावीत तेवढं सातोएला कळत नसे.

मग ती डोंगरातल्या आपल्या माहेरगावी आली आणि शाळांचं दुपारचं जेवण जिथे शिजतं त्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिथल्या कढईत माणूस बसेल आणि उलथनं फावड्याएवढं. चौथीतलं पोर किती भात खातं आणि सहावीतलं किती, ते तिच्या हाताला ठाऊक झालं. आपलं पोर किती खातं, ते मात्र दर महिन्याला नव्याने शिकावं लागे.

आणि किल्ला. पहिल्याच भेटीला रडवेल्या झालेल्या लेकीला काहीतरी दाखवायचं म्हणून सातोएने स्टेशनच्या पायरीवरून लांबच्या डोंगराकडे बोट केलं होतं. ढगात एक पांढरा ठिपका. "तो बघ उसुगामीचा किल्ला. खिंड चढण्याएवढी मोठी झालीस ना, की आपण सायकलवर जाऊ." त्या एका वाक्यावर वर्षं निघाली. आधी नुसता नदीकाठ, मग पूल, मग बोगदा, मग खिंडीचं पहिलं वळण. दर वेळी थोडं पुढे जायचं आणि परत फिरायचं. आता कोतोहाची प्राथमिक शाळा संपली होती, एप्रिलात ती माध्यमिकला जाणार होती, आणि ठरलं होतं की या मार्चच्या रविवारी किल्ला गाठायचाच.

स्टेशनच्या फाटकातून कोतोहा बाहेर आली तेव्हा सातोएने आधी तिचे पाय पाहिले. पँट घोट्याच्या वर गेली होती.

"आई, तू रडतेयस?"

"छे गं. पराग आहेत."

डोंगरभर देवदार फुलले होते. मार्चात त्यांचा पिवळा धुरळा उडतो आणि अर्धं गाव नाकाला पट्टी बांधून डोळे पुसत हिंडतं.

"बाबापण असंच म्हणतात. पण ते खरंच शिंकतात."

"मग मीपण शिंकते की. थांब हं." सातोएने नाक वर करून वाट पाहिली.

"आली नाही," कोतोहा म्हणाली.

"येईल. तू खाऊन निघालीस ना?"

"दाइजोबु."

आता या शब्दाविषयी थोडं सांगायला हवं. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा अर्थ सरळ आहे: मी धडधाकट आहे, चालेल, चिंता नको. पण हल्लीच्या पोरांनी त्याची थैली करून टाकलीय, हवं ते तिच्यात कोंबायचं. पिशवी देऊ का? दाइजोबु, म्हणजे नको. उद्या जमेल का? दाइजोबु, म्हणजे जमेल. दुखतंय का? दाइजोबु, म्हणजे नाही, किंवा दुखतंय पण आता विषय नको. होकार आणि नकार एकाच दाराने ये-जा करतात, समोरच्याने चेहऱ्यावरून ओळखायचं. सातोएने एक खूण हेरून ठेवली होती. नकार असला की कोतोहाचा उजवा हात छातीपाशी उभा यायचा आणि माशी वारल्यासारखा जरासा हलायचा. होकार असला की हात जागचा हलत नसे. महिन्यातून एकच दिवस आई असलेल्या बाईला असल्या खुणा जिवापाड सांभाळाव्या लागतात.

आत्ता हात हलला नव्हता. म्हणजे पोरगी खाऊन आली होती.

कोतोहा सायकलवर बसली, पाय लांब करून पाहिला. "सीट वर केलीस?"

"बोटभर."

"अजून थोडी कर ना."

"आता रेघ आली. हिच्यावर नाही जात."

कोतोहाने खाली वाकून रेघ पाहिली. रंगीत तुकड्यांवरूनही एकदा बोट फिरवलं. "अच्छा," एवढंच म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

नदीकाठचा रस्ता गार होता. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात एक करडा बगळा रागावलेल्या काकांसारखा उभा होता. "हे मागच्या वेळचेच," कोतोहा म्हणाली, आणि दोघी हसल्या. पूल ओलांडला. पुढे जुना बोगदा लागला, दिवे नसलेला, भिंतींतून पाणी झिरपणारा. या बोगद्याची त्यांची एक रीत होती. लहानपणी कोतोहा इथे घाबरायची, म्हणून दोघी घंटी वाजवत, "ओऽऽय" असं बेंबीच्या देठापासून ओरडत पार व्हायच्या. सातोएने आत शिरताच घंटी वाजवली आणि हाळी दिली. भिंतींवरून तिचा एकटीचाच आवाज परत आला.

"आई," मागून कोतोहा दबक्या आवाजात म्हणाली, "मागे गाडी आहे. त्यांना ऐकू जातंय."

"ऐकू दे की."

"आई, प्लीज."

सातोएने घंटीवरचा अंगठा काढला. उजेडात आल्यावर गाडी त्यांच्या बाजूने निघून गेली. चालवणाऱ्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खिंडीचा चढ लागला तशी कोतोहा पुढे झाली आणि बोलणी तुटक झाली. दोन्ही बाजूंना देवदारांची रांग, मधून वारं आलं की पिवळा धूर सुटायचा. सातोएचे डोळे घळाघळा वाहत होते, पण शिंक काही येत नव्हती.

"आई."

"हं."

"माध्यमिकला ना... मी ब्रास बँडमध्ये... जाणारे."

"अरे वा! काय वाजवणार?"

"ठरलं नाही. ट्यूबा देतील बहुतेक. हात लांब आहेत म्हणे माझे."

"अगं, छानच की! सगळ्यात मोठा भोंगा."

"भोंगा काय, आई." तिने पेडलवर जोर दिला. "रविवारीपण सराव असतो."

रस्ता नेमका तिथेच सगळ्यात उभा होता. सातोएला पुष्कळ काही विचारायचं होतं. सगळेच रविवार का? एखादासुद्धा मोकळा नाही? पण हे विचारणं अटीत बसतं की अटीबाहेर जातं, याचा हिशेब होईपर्यंत वळण सरलं, आणि तिच्या तोंडून आलं ते भलतंच.

"दमलीस का?"

"दाइजोबु," पुढून आवाज आला.

सातोएने पाहिलं. कोतोहाचे दोन्ही हात हँडलवर घट्ट होते. चढावर हात सोडता येत नाही. तिथे खूण चालत नव्हती.

खिंडीच्या अलीकडे एकच घर होतं. अंगणात एक म्हातारी घमेलं धूत होती. वसंतातला पितरांचा आठवडा चालू होता. गावोगाव थडगी धुवून पुसून झाली होती, आणि घरोघर लाल चवळीच्या गोड पुरणात लपेटलेले भाताचे गोळे झाले होते. दोघींना बघून म्हातारीने घमेलं खाली ठेवलं.

"अगं थांबा थांबा! कुठे निघालात तडफडायला?"

"किल्ल्यावर, आजी."

"सायकलवर? खाली बस नाही का मिळत? आणि ही पोर बघा, नुसती काठी झालीय." म्हातारी सातोएवर उखडली. "खायला घालतेस की नाही हिला?"

रोज गावच्या सगळ्या शाळा जेवू घालणाऱ्या बाईने हे निमूट ऐकून घेतलं. "घालते हो, आजी," ती म्हणाली. कोतोहाने आईकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

म्हातारी ताटली भरूनच बाहेर आली. कोतोहाने ओसरीच्या कडेला बसून एक गोळा खाल्ला. मुठीएवढा होता.

"अजून एक देऊ?"

"दाइजोबु." हात छातीपाशी आला, हलला.

पण म्हातारीच्या लेखी दाइजोबु म्हणजे पोट धडधाकट आहे, येऊ दे. दुसरा पडला. कोतोहाने तो कसाबसा संपवला.

"आणिक?"

"दाइजोबु, दाइजोबु!"

दोनदा म्हटल्याबरोबर दोन पडले.

म्हातारी चहा आणायला आत गेली तशी कोतोहा कुजबुजली, "आई, यांना आपली भाषा येत नाही का गं?"

"त्यांचीच भाषा आहे ती. तू सरळ 'नको' म्हण."

"असं तोंडावर कसं म्हणायचं? एवढं त्यांनी केलंय."

सातोए खळखळून हसली, आणि मधेच थांबली. ही पोर समोरच्याला तोंडावर नको म्हणू शकत नव्हती. दोन गोळे समोर घेऊन बसली होती, गिळवत नव्हते तरी गिळत होती. मध्यस्थ बाई हेच सांगत होत्या. दर महिन्याला लेक फाटकातून बाहेर येते ती यायचं असतं म्हणून, की एवढं आईने केलंय म्हणून? सातोएने हात पुढे करून त्यातला एक गोळा उचलला आणि आपल्या तोंडात घातला.

"थँक्यू," कोतोहा म्हणाली, अगदी मनापासून.

चहा झाला, नमस्कार झाले. निघताना कोतोहाने सायकलवरून पाय टाकला तो जरा बेतानेच. सातोएच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"गुडघा?"

"दाइजोबु."

हात हलला. म्हणजे दुखत नाही. पण डोळे बारीक झाले होते, म्हणजे दुखतंय. सीट खाली राहिली की गुडघा प्रत्येक फेरीत जास्तच मुडपतो, वाटीच्या मागे ठणकायला लागतो. दोन बोटं तरी वर हवी होती ती. पण रेघ आली होती. सायकल वाईट नव्हती, मूल वाईट नव्हतं, डोंगरही होता तेवढाच होता.

"आपण उतरून ढकलत जाऊ," सातोए म्हणाली.

"मग उशीर होईल."

"होऊ दे."

तर त्या ढकलत निघाल्या, शेजारी शेजारी, मधे दोन सायकली. आणि काय झालं कोण जाणे, चालायला लागल्यावर कोतोहा बोलायला लागली. तिच्या वर्गातल्या एका मुलाने निरोप समारंभात मुख्याध्यापकांना वाकून नमस्कार करताना डोकं टेबलावर आपटलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी त्याला परत वाकून नमस्कार करताना आपलंही आपटलं होतं. सांगताना ती दोन्ही डोकी करून दाखवत होती, सायकल लटपटत होती. आजीने ट्यूबासाठी आधीच एवढं मोठं फडकं शिवून ठेवलं होतं की त्यात आजीच मावली असती. सातोए ऐकत होती. ऊन पलीकडच्या डोंगराकडे कलत होतं ते तिला दिसत होतं, आणि पाय उचलावेत असं तिला मुळीच वाटत नव्हतं. लेकीचा गुडघा दुखतोय आणि आईला वाटतंय हा रस्ता सरू नये. कसली आई ही, असं तिचं तिलाच वाटलं, तरी पाय हळूच पडत राहिले.

खिंड ओलांडल्यावर किल्ला एकदम समोर आला. कातळातूनच उगवल्यासारखी दगडी तटबंदी, तिच्यावर पांढऱ्या भिंती, त्यांच्यावर काळ्या कौलांचे पंख. इतकी वर्षं जो ठिपका होता त्याला आता खिडक्या होत्या.

"एवढा मोठा होता?" कोतोहा म्हणाली.

देवळापाशी सायकली लावून त्या पायवाटेने वर चढल्या. कोतोहा एक पाय जपत होती. दरवाजापाशी पोचल्या तर रखवालदार चाव्यांचा जुडगा घेऊन फळी ओढतच होता. गोल चेहऱ्याचा, टोपी मागे सरकलेला माणूस. दोघींना बघताच तो कमरेत वाकला.

"फार फार दिलगीर आहे हो. शेवटचा प्रवेश बंद झाला."

"नाही नाही, चूक आमचीच," सातोए त्याच्याहून खाली वाकली. आणि वाकलेल्या त्या क्षणात तिला एक लबाड आनंद झाला. बंद झाला. राहिला. राहिलेल्या गोष्टीसाठी माणसाला पुन्हा यावं लागतं.

"कुठून आलात?"

"खालून. खिंडीतून. सायकलवर."

"सायकलवर! या पोरीने?" रखवालदाराने दरवाजाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ बाळ, कुलूप काही मी अजून घातलेलं नाही. मी म्हणतो, मी मागच्या खिडक्या ओढून घेतो. तोवर पळत जाऊन येशील? वरच्या मजल्यावरून तुमचं आख्खं खोरं दिसतं. आईला मी इथे बसवतो."

भल्या माणसाचा सातोएला तेव्हा जेवढा राग आला तेवढा कुणाचाच कधी आला नव्हता.

कोतोहाने फळीच्या फटीतून आत पाहिलं. आत पटांगण होतं, त्यापलीकडे बुरूज, आणि बुरुजाच्या उघड्या दारातून अंधारात वर जाणारा लाकडी जिना. ती बराच वेळ पाहत राहिली. मग वळली. उजवा हात छातीपाशी उभा झाला, आणि हलला.

"दाइजोबु."

यात शंका घ्यायला जागाच नव्हती. रखवालदारालाही कळलं. "बरं बाई," तो जरा हिरमुसून म्हणाला, आणि त्याने फळी ओढली. जुनं लाकूड जुन्या लाकडावर बसलं.

"का गं?" सातोएने वाटेवर विचारलं. एवढं विचारणं अटीत बसत असावं.

"गुडघा. जिने होते ना."

"मी पाठुंगळी घेतलं असतं."

"आई! मी तुझ्या खांद्याला लागते आता."

तटाला टेकून बसून त्यांनी डब्यातले भाताचे त्रिकोण काढले. म्हातारीच्या गोळ्यांनी पोट भरलेलं होतं, तरी कोतोहाने एक खाल्ला. आतलं खारवलेलं आंबट आलुबुखार मात्र तिने बाजूला काढून डब्याच्या झाकणावर ठेवलं. सातोए त्याच्याकडे बघत बसली. कोतोहा लहान असताना ताटातली सगळ्यात आवडती वस्तू अशीच बाजूला काढून ठेवायची, शेवटी खायला. एकदा आजीला वाटलं तिला नकोय, आणि तिने ती उचलून बाबांच्या ताटात टाकली. तेव्हा पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. नको म्हणून बाजूला ठेवलेलं आणि हवं म्हणून बाजूला ठेवलेलं, ताटात दोन्ही सारखंच दिसतं.

किल्ला तिने कशासाठी ठेवला होता?

खालच्या खोऱ्यातून भोंग्यांवर संध्याकाळची धून वाजायला लागली. प्रत्येक गावाचा भोंगा जरा पुढेमागे, त्यामुळे एकच गाणं चार डोंगरांवरून एकमेकांच्या मागे धावत होतं. त्याच्या शेवटी रोजच्यासारखी बाईच्या आवाजातली सूचना आली, मुलांनो, घरी चला.

"घरी जायला हवं," कोतोहा उठत म्हणाली.

"हो," सातोए म्हणाली. डबा बंद करताना तिने झाकणाकडे पाहिलं. आलुबुखार तिथे नव्हतं. पोरीने ते खाल्लं की तिकडे गवतात टाकलं, ते सातोएने पाहिलं नव्हतं. ती भोंगा ऐकत होती.

उतार भरभर सरला. वाऱ्यात बोलता येत नव्हतं, बोगद्यात कुणी ओरडलं नाही. नदीवरचा बगळाही गेला होता. स्टेशनच्या दिव्याखाली कोतोहाने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, नेहमीसारखंच, आणि सीटवर एक चापट मारली.

"ही आता कुणाला देशील?"

"का गं?"

"रेघ आली ना."

"बघू," सातोए म्हणाली.

"तुझ्या शेजारच्या मिहारुला होईल. पण सांग तिला, मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो."

"सांगेन."

"आणि बोगद्यात ओरडायला लावू नकोस तिला." कोतोहा हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आई, तुझे डोळे."

"पराग गं."

गाडीची घोषणा झाली. कोतोहा फाटकातून पलीकडे गेली, जिन्यापाशी वळली, आणि तिचा उजवा हात वर आला आणि हलला. निरोपाचा हात. सातोएनेही हात हलवला. दोन वेगळ्या गोष्टींना माणसाने एकच हात का ठेवला असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. गाडी गेल्यावर, रिकाम्या फाटकासमोर, तिला सकाळपासून अडलेली शिंक आली.

पुढच्या आठवड्यात नोबुहिरोचा, कोतोहाच्या बाबांचा, फोन आला. वाईट माणूस नव्हता. ठरल्याप्रमाणे फोन करायचा, ठरल्याप्रमाणे विचारायचा.

"आत्ताच विचारलं मी तिला. पुढच्या महिन्याचं."

"हं."

"दाइजोबु म्हणाली."

सातोए ओटीवर उभी होती, सायकलीपाशी. "म्हणजे?"

"म्हणजे... नको असेल. बँड आहे ना आता. किंवा चालेल असंही असेल. मला काय कळतंय? मी तव्यावर मासा उलटत होतो."

"हात काय करत होता?"

"तव्यावर होता. सांगतोय ना."

"तिचा हात, नोबुहिरो."

"तिचा?" तो गोंधळला. "ती बाहेरच्या खोलीत होती अगं. मधलं दार ओढलेलं होतं." तव्यावर उलथनं खरखरलं. "परत विचारू का?"

हो, असं सातोएच्या ओठांपर्यंत आलं. ओसरीवर बसून नकोसे गोळे गिळणारी पोर तिला दिसली. "नको. सारखं विचारलं तर ती हो म्हणेल."

"मग बरंच आहे ना?"

तिकडे मासा करपला असावा, आजी काहीतरी ओरडली.

"मी येऊन उभी राहते फाटकाशी," सातोए म्हणाली. "ठरलेल्या रविवारी. नेहमीच्या गाडीला."

"आणि नाही आली तर?"

"दाइजोबु."

मग अगदी जपून, जसं त्याने संसारात कधी विचारलं नव्हतं तसं, त्याने विचारलं, "यातलं कुठलं?"

सातोएने खाली आपल्या हाताकडे पाहिलं. तो हलत नव्हता. पण त्याने सीटची दांडी धरली होती, रेघेच्या बरोबर वर, निळ्या-पिवळ्या तुकड्यांवर. एवढं घट्ट काही धरलेलं असताना हात हलत नाहीच. चढावर हलत नाही, तसाच.